एकुलती एक किल्ली

खर्र... खर्र... बाळ नुकतंच झोपलेलं, घर चिडीचूप, आणि माझी थोरली लेक बाळाच्या बुटांच्या चिमुकल्या खोक्यात आजची चिठ्ठी खरखर कोंबत होती.

खोक्याची कल्पना माझीच. "आई, तू ऑफिसात काय करतेस गं?" असं तिने महिन्यापूर्वी विचारलं होतं. रानावनात ठेवायच्या इवल्याशा सेन्सरांनी गुप्त निरोप पाठवावेत आणि तरी त्यांची नखाएवढी बॅटरी वर्षानुवर्षं पुरावी, अशी पद्धत मी शोधते. सहा वर्षांच्या पोरीला हे कसं सांगायचं? म्हणून खोक्याला वर फट पाडली आणि कुलूप लावलं.

"निरोप कुणीही टाकावा, पण किल्ली एकाच व्यक्तीकडे. माझ्याकडे! आणि फार बोललं की सेन्सर दमतो, म्हणून दिवसाला एकच चिठ्ठी. शब्द चारच."

"पोरीची बडबड बरी बंद केलीस," सासूबाई म्हणाल्या. मी मात्र स्वतःवर भलतीच खूश. कारण महिनाभरात ते खोकं ना तिच्या बाबाला फोडता आलं, ना आजीला. माझ्या पीएचडीच्या प्रबंधातली पद्धतसुद्धा इतकी पक्की निघाली नव्हती. त्याच प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मी आता घाईघाईने उरकत होते.

चिठ्ठी काही आत जाईना. बाळ उठू नये म्हणून ती पाय न वाजवता माझ्याजवळ आली आणि कानात कुजबुजली,




"आई, खोकं भरलं गं. तू ते एकदा तरी उघडलंस का?"