केरूचे बूट

छबूबाई दुकानात शिरलीच नाही. पायरीवर बसली, पदर कपाळावर ओढला आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली. पिशवीत दुसऱ्याच्या घरून मागून आणलेले बूट होते.

"नवं घ्यायचं न्हाई. मागून आनलंय तेच घाल," ती सुनेला म्हणाली. संगमनेरच्या स्टँडवर एसटीतून उतरल्यापासून तिचं हेच पालुपद चाललं होतं.

"आत्याबाई, घालायसारखं असतं तर घातलं असतं," चांगुणा म्हणाली आणि दोन वर्षांच्या केरूला कडेवर घेऊन आत गेली.

केरूच्या अंगाला आजवर विकतचं काही लागलेलं नव्हतं. त्याच्या आधीची दोन लेकरं वर्षाच्या आतच गेली. म्हणून हा जन्मला तेव्हा छबूबाईनं त्याला उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीकडून सुपात घालून परत घेतलं आणि नाव ठेवलं केरू. केराला कोण नजर लावतो? कुंची मागितलेली, अंगडं पाच घरचे तुकडे जोडून शिवलेलं, नाक मुलीसारखं टोचलेलं. पाचवं वर्ष सरेपर्यंत असंच चालणार, हा म्हातारीचा हुकूम होता. हुकमाला कारणही होतं. दुसऱ्या खेपेला नात झाली तेव्हा छबूबाईनंच हौसेनं झबलं शिवलं होतं, पुढल्या सालीही व्हावं म्हणून वाढत्या मापाचं. ते नातीच्या अंगाला आलंच नाही. कोरं झबलं ट्रंकेच्या तळाशी पडून होतं आणि घरात त्याचं नाव कुणी काढत नसे.

चांगुणानं दोन वर्षं निमूट ऐकलं. मग मागल्या महिन्यात केरूच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजला, त्यात पू झाला, पोर तापानं फणफणलं. ताप उतरल्यावर छबूबाईनं अंगारा लावला आणि नातवाला ओट्याखाली पाऊलच टाकू द्यायचं नाही असं फर्मान काढलं. तिथं चांगुणाचं डोकं फिरलं. पायावर उभं राहिलेलं पोर असं किती दिवस डांबून ठेवायचं? बूट आणायचे, आणि तेही नवे, असं तिनं जाहीर केलं. नवरा मच्छिंद्र शहाणा. त्यानं साखर कारखान्यातली पाळी पुढे केली आणि सायकलवर टांग मारली.

दुकानात रेडिओवर बांगलादेशाच्या लढाईच्या बातम्या लागल्या होत्या. दुकानदाराचा एक कान तिकडेच होता. छबूबाईनं पायरीवरूनच मागितलेले बूट आत सरकवले. "शेठ, ह्यालाच नवा तळ मारून मिळंल का?"

तलाठ्याच्या मुलाचे बूट होते ते. टाचा एका अंगाला झिजलेल्या, पुढचं टोक आत वळलेलं. दुकानदारानं उलटेपालटे करून पाहिले आणि खाली ठेवले.

"दुसऱ्याच्या पायाचं वळन पडलंय त्याला. त्यात माझं पोर का म्हनून चालंल?" चांगुणा म्हणाली.

"देवाला खवळू नगं, चांगुणे. नवं दिसलं की त्याचं ध्यान जातं."

"पहिल्याला कुठं नवं घेतलं हुतं? ते बी नेलंच की. आता नीट बघू द्या त्याला. डोळं भरून बघू द्या."

दुकानदारानं घाईनं खोकी काढायला घेतली. लाल चकचकीत बूट चांगुणानं हात न लावता परत केले. ते मिरवायचे होते. कापडी बुटांचा तळ तिनं नखानं दाबून पाहिला आणि तेही बाजूला सारले. मग एक तपकिरी जोड निघाला, घोट्यापर्यंतचा, जाड तळाचा. काटा शिरला तरी अर्ध्यात अडेल असा.

केरूनं पायात ते ओझं आल्यावर आधी भोकाड पसरायची तयारी केली. मग एक पाय आपटून पाहिला. आवाज आला. दुसरा आपटला. तसाच खुशीत दाणदाण करत तो दारापर्यंत गेला आणि आजीच्या लुगड्याच्या काठावर बूट ठेवून उभा राहिला. छबूबाईनं तोंड फिरवलं. पण काठ काही सोडवून घेतला नाही.

चांगुणानं त्याला उचलून आत आणलं. दुकानदारानं बुटाचं टोक अंगठ्यानं दाबलं. "बरोबर बसलेत. पण बाई, पोराचा पाय वाढता. उन्हाळ्यापर्यंत हे आखूड होतील. वाढत्या मापाचे देऊ का? टोकाला थोडा कापूस घाला, पुढल्या वर्षीही चालतील."

हे तो येईल त्या आईला सांगत असणार. आणि सगळ्या आया वाढत्या मापाचेच नेतात.

सकाळपासून देवाशी भांडत आलेली चांगुणा, पण एवढ्या साध्या गोष्टीला तिच्यानं हो म्हणवेना. ट्रंकेतलं झबलं तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिनं केरूला पोटाशी धरलं.

"नगं," ती खाली बघून म्हणाली. "आत्ताच्याच मापाचं बांधा."

बरं म्हणून दुकानदारानं कागद ओढला.

छबूबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. मागून आणलेले बूट तिनं पिशवीत घेतले नाहीत, जिथं होते तिथंच राहू दिले. पायरी चढून ती आत आली आणि सुनेला खेटून उभी राहिली. मग ती बोलली. आवाज दुकानात सगळ्यांना ऐकू गेला, आणि वर कुणी कान देऊन बसला असेल तर त्यालाही.

"तिचं ऐकू नगा, शेठ. वाढत्या मापाचं द्या."