खेकड्याची भोकं

रविताने वांग्याचं रोप जरा हलवून पाहिलं, तर ते मुळासकट तिच्या हातात आलं. मुळं काळी पडली होती आणि त्यांना डबक्याचा वास येत होता. टमाटरची रोपं उभी होती, पण शेंड्यापर्यंत पिवळी. हिरवी म्हणाल तर कोपऱ्यातली तीन मिरचीची रोपं तेवढी उरली होती.

गोंदियातल्या भाड्याच्या घराची ही गच्ची. पैसेवाल्यांची बाग नर्सरीतून येते, रविताची भंगारातून आली होती. रंगाच्या रिकाम्या बादल्या, तेलाचे पिपे, एक फुटका टब. माती तेवढी अस्सल, कामठा गावच्या धानाच्या बांधीतली, भाताच्या शेतातली. बांधी विकली त्या दिवशी तिच्या सासऱ्यांनी, बिसरामनी, नव्या मालकाकडून दोन पोती माती मागून आणली होती. दीड महिना रविता या रोपांना लेकरासारखी जपत होती, आणि आता डोळ्यांदेखत सगळं सडत होतं.

तिने बादली आडवी केली. पाणी वरच्या काठावरून सांडलं, खालून थेंब आला नाही. प्रत्येक बादलीच्या बुडाला तिने गॅसवर खिळा लाल करून पाच-पाच भोकं पाडली होती. ती सगळी बुजलेली होती. चिकणमाती मळून घट्ट दाबलेली, आणि वर अंगठ्याचा ठसा. तिने दुसरी बादली पाहिली, मग पिपा पाहिला. सगळीकडे तेच.

"मी म्हनलं होतं ना, जिन्याचं दार लावून ठेवत जा," दारातून तिचा नवरा उमेंद्र म्हणाला. "सांगून समजते का बाबूजीले? आता कुलूपच घालतो. उद्यापासून खालच्या खोलीतच बसू दे." आणि तो कुलूप शोधायला खाली गेला. रविताने त्याला अडवलं नाही. तिचा संताप खरा होता.

बिसराम पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले होते. दिवसभर कोणाशी न बोलणारे सासरे रोज सकाळी गच्चीवर मात्र न सांगता येत. आत्ताही त्यांच्या हातात मातीचा गोळा होता.

"बाबूजी, ही भोकं काऊन बुजवली तुमी?"

"पानी जाऊन राहिलं होतं पोरी. खेकड्यानं सारे धुरे पोखरून टाकले."

"दुसऱ्या माळ्यावर कुठला आला खेकडा? भोकं मी पाडली!"

बिसरामनी तिच्याकडे पाहिलं. वेड्या लेकराकडे पाहावं तसं, दयेने.

"तू कायले पाडशील? घरचं मानूस धुरा फोडते का?"

रविताचा रागच गळाला. तीही धानवाल्याचीच लेक. फावडं खांद्यावर टाकून शेताच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्याने फिरणारा, खेकड्याची भोकं बुजवणारा बाप तिने लहानपणी रोज पाहिला होता. बांधीतून पाणी गेलं की ताटातला भात गेला, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. बाप स्वतःहून पाणी सोडायचा ते एकदाच, दिवाळीच्या सुमारास धान पिवळं पडून कापणीला आलं की. या म्हाताऱ्याला काय सांगायचं, आणि कसं?

खालून ट्रंक उघडल्याचा आवाज आला. भोकं आज तिने उघडली तर मिरच्या वाचणार होत्या. पण उद्या सकाळी ती पुन्हा बुजणार होती, नाहीतर कुलूप लागून बिसराम खाली भिंतीकडे तोंड करून बसणार होते.

तिने खिळा उचलला आणि त्यांच्यासमोर बसली. टमाटरचं एक पिवळं पान तोडून त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"बाबूजी, दिवाळी आली. पाहा, कसं पिवळं झालं सारं. आता पानी सोडाव लागते ना?"

बिसरामनी ते पान बोटांत चुरगाळून पाहिलं. मग त्यांनी मान हलवली. "हो. पिकलं."

खिळा त्यांनी तिच्या हातातून घेतला आणि एकेक बादली तिरपी करून स्वतःच भोकं मोकळी केली. काळं पाणी गच्चीवरून पन्हाळीकडे धावू लागलं. रविताला हायसं वाटलं. खूप दिवसांनी तिला या माणसाचा अभिमानही वाटला.

उमेंद्र कुलूप घेऊन वर आला आणि दारातच थांबला.

शेवटची बादली मिरच्यांची होती. तिचं पाणी निथळल्यावर बिसरामनी धोतराला हात पुसले.

"आता इळा आन पोरी. पानी सोडल्यावर जास्त दिवस उभं ठेवत नाही. आजच कापून टाकू सारं."

रविताने त्या तीन हिरव्या रोपांकडे पाहिलं. एका मिरचीला पांढरं फूल आलं होतं. ते तिला आत्ताच दिसलं.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "ते कुलूप ठेवून द्या. इळा कुठं आहे तो पाहा."