पाइप उघडायचा नाही

"पाइप उघडायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. "उगाच खोलाखोली कशाला? मी मारते पंप, निघेल."

त्यांनी रबरी पंप सिंकच्या तोंडावर बसवला आणि पुन्हा दाबायला सुरुवात केली. गढूळ पाणी गुडगुडलं, काठापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. बाळाला कडेवर घेऊन ती दाराशी उभी होती. प्रत्येक दाबासरशी सासूबाईंच्या दंडाची सैल कातडी हलत होती, आणि ते तिला बघवत नव्हतं.

बाहेरच्या खोलीत सासूबाईंची बॅग भरून ठेवलेली होती.

सिंक याआधीही तुंबलं होतं. पहिल्यांदा तिने पातेलंभर उकळतं पाणी ओतलं, आणि पाणी सुरळीत गेलं. पुढच्या वेळी सोडा, व्हिनेगर आणि वर पुन्हा उकळतं पाणी. थोडे दिवस बरे गेले. दोन्ही वेळा सासूबाईंनी कोणी न विचारताच कबूल करून टाकलं होतं, की तळणीचं तेल त्यांनीच सिंकमध्ये ओतलं, भान राहिलं नाही.

तेलाचं एक वेळ सोडून देता आलं असतं. पण मध्यंतरी गॅस चालू राहिला. बाळाला पाजता पाजता तिचा डोळा लागला होता, करपट वासाने जाग आली. धावत आली तर सासूबाई गॅस बंद करून उभ्या, भाजलेलं बोट नळाखाली धरलेलं. मोठ्या पातेल्यातलं पाणी पार आटून बुड काळंठिक्कर पडलं होतं.

"चहाला पाणी ठेवलं होतं गं, विसरले," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने त्याच दिवशी ठरवलं. तो चिडला नव्हता, घाबरला होता. आईला बाळापाशी एकटं ठेवायचं नाही. अजून एकदा असं झालं की आई थोरल्या भावाकडे जाईल, वहिनी दिवसभर घरी असते. तिने परोपरीने समजावून पाहिलं. बाळाच्या औषधाची वेळ त्या कधी चुकल्या होत्या का?

"तुझा जीव जडलाय, म्हणून तुला दिसत नाही," तो म्हणाला होता.

आणि आज सकाळी सिंक पुन्हा तुंबलं.

त्या गेल्या की घर कसं होईल, हे तिला कल्पनेतही नको होतं. बाळाला खेळवत त्या तिला दुपारी मोकळं करायच्या, तेवढ्यात तिच्या रंगीत, सुवासिक मेणबत्त्या तयार व्हायच्या. सुरुवातीलाच नवऱ्याने बजावलं होतं, की या उद्योगापायी घरात काही बिघडलं तर त्या दिवसापासून बंद. म्हणून ती फार जपायची. मेणाच्या भांड्यांना कोणाला हात लावू द्यायची नाही. आपणच खरवडायची, आपणच उकळत्या पाण्याने लख्ख धुवायची.

नवऱ्याने ॲसिडची बाटली आणून ओट्यावर ठेवली. रांगतं मूल आहे घरात, म्हणत तिने ती उचलून माळ्यावर टाकली आणि प्लंबरला फोन लावला. तिच्या मनात एकच आशा होती. पाइपात तेल नसेल, बांधकामाचं सिमेंट, जुना बोळा, दुसरंच काहीतरी निघेल, आणि आई सुटतील.

प्लंबर आला. ॲसिड ओतलंत का, हे त्याने आधी विचारलं. नाही म्हटल्यावर निवांत बसला. बादली लावून त्याने सिंकखालचा पाइपाचा बाक सोडवला. तो रिकामाच होता.

"पुढे अडकलंय. भिंतीकडे जाणारा पाइप काढावा लागेल."

"मग नुसती तार घाला," सासूबाई घाईने म्हणाल्या.

"तारेने भोक पडेल आजी. माल तिथंच राहील."

सासूबाई तिच्याजवळ सरकल्या. आवाज अगदी खाली आला होता. "ऐक माझं. मी जातेच आहे ना? मग कशाला काढायचं ते बाहेर?"

"तेल नसणार त्यात, आई. मला माहितीये."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि बाळाला तिच्या कडेवरून आपल्याकडे घेतलं.

पाइप निघाला. प्लंबरने तो जमिनीवर उभा धरून वरून पान्याने हलके ठोके दिले. नवरा हाताची घडी घालून बघत होता. एक जाड, गुळगुळीत गोळा वर्तमानपत्रावर घरंगळला.

"तेल नाही हे," प्लंबर म्हणाला.

तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. ती हसून सासूबाईंकडे वळणार, एवढ्यात त्याने पात्याने गोळा चिरला. आत थर होते. गुलाबी, त्यावर पिवळा, त्यावर जांभळा. ज्या क्रमाने तिने ओतले, त्याच क्रमाने. ओल्या घाणीच्या वासातून गुलाबाचा मंद वास वर आला.

"मेण आहे. गरम पाण्याबरोबर पुढे जातं आणि गार झालं की बसतं."

तिची नजर आपसूक फळीवर गेली. काळ्या बुडाचं मोठं पातेलं तिथं पालथं घातलेलं होतं. चहाचं पातेलं लहान होतं, ते वेगळं. या मोठ्यात पाणी उकळत ठेवून ती त्यावर मेण वितळवायची.

"मेण? सिंकमध्ये?" नवरा तिच्याकडे वळला.

तिने बोलायला तोंड उघडलं.

"मीच रे," पाठीमागून सासूबाई म्हणाल्या. त्यांनी बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "तिची भांडी पडलेली दिसली, मेणासकट धुऊन टाकली. हल्ली काही लक्षातच राहत नाही बघ माझ्या."