पाहुणी

गाइड चौकातलं घंटाघर दाखवत होता. महायुद्धात पडलं, जुन्या फोटोंवरून पुन्हा बांधलं, म्हणाला.

"आई, आठवतंय का गं काही?" लेकानं विचारलं.

झोफियाबाईंनी मान वर करून घंटाघर पाहिलं. त्याच युद्धात, सहाव्या वर्षी, याच पोलिश गावातून त्यांना हाकललं, निर्वासित म्हणून त्या कोल्हापुरात आल्या आणि तिथंच नांदल्या. आज घरी आल्यासारखं होईल असं वाटलं होतं. काहीच झालं नाही.

त्यांचा बाप्तिस्मा झालेलं चर्च आलं. साडी सावरत त्यांनी चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाला टेकवला.

दारातली म्हातारी गाइडला पोलिशमध्ये म्हणाली, "पाहुणीला सांगा, आमच्यात चपला काढत नाहीत."

"आई, काय म्हणते ती?"

"फरशी गार आहे म्हणते."

त्या अनवाणीच आत गेल्या. फरशी खरंच गार होती का, ते पायांना कळलंच नाही.