एकदा सुटलेला

"बाईचा आवाज? या घरात बाया दोनच, साहेब. मी आणि ही. धरा मग आम्हालाच!" म्हातारीनं कात्री टेबलावर आपटली.

इन्स्पेक्टरनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. शिलाई मशीन आणि कापडाचे गठ्ठे यांच्यामधून वाट काढत तो पुढे आला आणि खुर्ची ओढून सुनेसमोर बसला.

"शेजाऱ्यांनी भांडण ऐकलंय. त्यात एक बाई होती म्हणतात. त्या दुपारी तुम्ही नक्की कुठं होता?"

"औषध आणायला गेले होते," सून म्हणाली. हातातल्या सदऱ्याला बटण लावणं तिनं थांबवलं नाही.

म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा एकुलता एक मुलगा याच घराच्या मागच्या दारात मरून पडला होता. डोक्यात जड इस्त्री घातलेली. घालणारा कोण, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. सुनेचा थोरला भाऊ, काचवाला. आठवडाभर आधीच त्यानं भर रस्त्यात मेव्हण्याची गचांडी धरून बजावलं होतं, "पुन्हा माझ्या बहिणीवर हात टाकलास तर जिता सोडणार नाही."

मुलाचा हात बायकोवर उठायचा, हे म्हातारी नाकारत नव्हती. पण म्हणून काय जीव घ्यायचा? आणि घेणारा सुटला! 'तो त्या वेळी माझ्या दुकानात काच बसवत होता,' असं एका दुकानदारानं साक्षीत सांगितलं. वरच्या कोर्टानंही तेच धरलं. आता तपास पहिल्यापासून सुरू, आणि संशय कुणावर? जिचा संसार उधळला तिच्यावर.

त्यातही सून शहाणी. खटला उभा राहिल्यापासून तिनं भावाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. माहेरी न जाता इथंच राहिली, म्हातारीच्या बरोबरीनं शिवणकामाला बसली.

"तिला काय विचारता?" म्हातारी म्हणाली. "त्या राक्षसाला विचारा!"

"विचारा की," दारातून आवाज आला.

काचवाला उभा होता. कामावरूनच आलेला, बोटांना पुट्टी फासलेली.

"उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलंस तर तंगडी तोडीन!" म्हातारी किंचाळली.

"टाकलं," असं म्हणून तो आत आला. "साहेब, रोज माझ्या दुकानासमोर गाडी लावता. गिऱ्हाईक फिरकत नाही. आता काय ते एकदाच ऐकून घ्या. मीच मारला त्याला."

सुनेच्या हातातला सदरा खाली पडला.

इन्स्पेक्टर सावकाश उठला. "काय बोलतोयस, कळतंय?"

"चांगलं कळतंय. ज्या खुनातून माणूस सुटला, त्यासाठी त्याला पुन्हा उभं करता येत नाही. वकिलानं नीट समजावलंय मला. मग मांजरासारखं डोळे मिटून दूध कशाला प्यायचं?"

"आणि तो दुकानदार?"

"तो गल्ल्यावर पेंगत असतो. मी मधेच कधी गेलो, कधी आलो, त्याला काय पत्ता!"

"खटल्यात बसून सगळं पाठ झालंय तुझं," इन्स्पेक्टर दात चावत म्हणाला. "कोर्टात न आलेलं काही सांग. त्याच्या एका पायात चप्पल नव्हती. कुठं गेली ती?"

"मागच्या पाण्याच्या पिंपात. मी टाकली."

"कशासाठी?"

"त्याच चपलेनं बहिणीला मारायचा. फार माज होता त्याला तिचा."

इन्स्पेक्टरचा चेहरा उतरला. ती चप्पल त्यानं गेल्याच आठवड्यात स्वतःच्या हातानं पिंपाच्या तळातून काढली होती. अजून कुणाला बोलला नव्हता.

म्हातारीनं कापड मोजायचा लाकडी गज उचलला आणि काचवाल्याच्या खांद्यावर हाणला. मग पाठीवर, मग जिथं लागेल तिथं. त्यानं हात वर केला नाही.

"मारा, मावशी. पण तुमचा पोरगा काही परत यायचा नाही."

"किडे पडतील तुझ्या तोंडात!" ती त्याच्या अंगावर थुंकली.

इन्स्पेक्टरनं तिला मागे ओढलं आणि काचवाल्याचं मनगट पकडलं. "खुनासाठी नाही, ठीक आहे. पण 'मी मारलं नाही' असं कोर्टात शपथेवर सांगितलंस ना? खोट्या शपथेबद्दल तुला आत सडवतो की नाही बघ."

"सडवा. पण मग या घरी तुमच्या चकरा बंद ना?"

"इथं आता शोधायचं काय राहिलंय?" इन्स्पेक्टर खेकसला. "चल!"

काचवाला गेला. जाताना त्यानं बहिणीकडे वळूनही पाहिलं नाही. बाहेर गाडी सुरू झाली आणि लांब गेली.

म्हातारीनं गज बाजूला टाकला. सून भिंतीशी बसून हमसून हमसून रडत होती. म्हातारी तिच्याजवळ टेकली आणि तिनं तिचं डोकं पोटाशी धरलं.

"रडू नकोस, पोरी. असल्या भावासाठी तर मुळीच नाही. मेल्यानं आपल्या तोंडानं कबूल केलं, आपल्या दोघींची सुटका झाली. आजपासून तू माझी सून नाहीस, लेक आहेस."

सुनेनं सासूचे हात हळूच बाजूला केले.

"दादा कोर्टात खरंच बोलला होता, आई," ती म्हणाली. "खोटं बोलला तो आज, चपलेचं माझ्याकडूनच ऐकून. माझ्यासाठी."