बुंदुकाची नखं

"घट्ट धर. सुटली तर तुझ्यावरच येईल," रुश्दी म्हणाला.

इन्शिराहनं मांजरीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरलं होतं. फक्त डोकं आणि एक पुढचा पंजा बाहेर. बुंदुका अजून गुरगुरत नव्हती, मालकिणीच्या तोंडाकडे बघत होती. समोर स्टुलावर सासू बसली होती, नेलकटर घेऊन. रुश्दीच्या हातात पक्कड होती.

त्याच्या गालावर डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत लाल ओरखडे होते. जुम्याच्या नमाजाला आख्ख्या गल्लीनं ते पाहिले. मांजरानं ओरबाडलं, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. बंदरावरच्या हमालांचा मुकादम, आणि घरच्या मांजराचा मार खातो! मशिदीच्या पायऱ्यांवर लोक पोट धरून हसले. तिथून तो तडक घरी आला होता, येताना खालच्या मजल्यावरून आईला सोबत घेऊन.

"आई, तुम्ही राहू द्या, मी कापते," इन्शिराह म्हणाली. "ती उन्हात झोपली की मी कापते. तिला कळतसुद्धा नाही."

"तू कापतेस ना? मग हे काय?" सासूनं मुलाच्या गालाकडे बोट दाखवलं. "थोडक्यात डोळा वाचला माझ्या पोराचा."

इन्शिराहनं मान खाली घातली.

सासूनं पंजा दाबला. नख बाहेर आलं. टोकाला पांढरं, मुळाशी गुलाबी.

"गुलाबी भागाला लावू नका, आई. तिथं रक्त असतं. नुसतं टोक..."

"टोक काढून काय होतंय? खोल घे," रुश्दी म्हणाला.

सासूनं खोल घेतलं. बुंदुका किंचाळली. टॉवेलवर रक्ताचा थेंब पडला, मग दुसरा. इन्शिराहनं टेबलावरच्या डब्यातून कॉफीची चिमूट उचलली आणि रक्त थांबावं म्हणून नखावर दाबली. रुश्दीनं तिच्या हातावर फटका मारला. डबा खाली पडून पूड घरभर सांडली.

"वा! बाईसाहेबांना कॉफी हवीय. साखर किती घालू?"

पुढच्या नखाला मांजरीनं सगळं अंग पिळवटलं, टॉवेलातून मान काढली आणि सासूच्या अंगठ्यात दात रोवले. सासू ओरडली. रुश्दीनं मांजरीची मानगूट धरून तिला टेबलावर आपटलं, कोपरानं दाबलं आणि पंजा पकडीत घेतला.

"जाऊ दे रे," सासू अंगठा चोखत म्हणाली. "मुकं जनावर आहे."

"मुळापासून काढतो. पुन्हा उगवायलाच नको."

त्यानं पक्कड पिळली. जो आवाज झाला त्यानं समोरच्या गच्चीवरची पाळलेली कबुतरं एकदम उडाली.

"तिनं नाही!" इन्शिराह ओरडली. "मी ओरबाडलं. मी! काल तू माझा गळा दाबत होतास तेव्हा!"

रुश्दीचा कोपर उचलला गेला. मांजर टेबलावरून खाली पडली आणि तीन पायांवर कपाटाखाली सरकली.

पक्कड अजून त्याच्या हातात होती. त्याच हातानं त्यानं इन्शिराहच्या कानशिलात मारली. ती खुर्चीवरून खाली कोसळली. डोक्याचा रुमाल सुटला. गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोटांचे निळे वळ होते.

सासू ते वळ बघत राहिली.

"बघतेस काय, आई? खोटारडी आहे ती."

"खिडकी लाव," सासू म्हणाली. "आणि खाली जा. मासे तव्यावर आहेत, जळतील."

त्यानं खिडकी लावली. दार आपटून तो खाली गेला.

सासूनं सुनेला काखेत हात घालून उठवलं, खुर्चीवर बसवलं. कानाखालचं रक्त आपल्या बाहीनं पुसलं. रुमाल पुन्हा नीट बांधला, गळा झाकेल असा. मग समोर बसून तिचा उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि नेलकटर झग्याला पुसलं.

"काय करताय?"

"गप बस." तिनं अंगठ्यापासून सुरुवात केली. आता ती हळू कापत होती, जपून. "तुला काय वाटलं, तुझ्या एकटीच्याच गळ्याला हात लागलाय? याच्या बापानं मलाही तेच दाखवलं. नवी नवरी होते. मीही एकदा नखं मारली." पुढचं बोट. "त्यानं माझा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं."

तिच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर नखं अशी नव्हतीच. नुसती गाठाळलेली कातडी होती.

"तेव्हापासून उरलेली कधी वाढू दिली नाहीत. नखं नसली की हात उठत नाही. हात उठला नाही की बाई जगते. मी जगले की नाही? बोल."

कपाटाखालून पंजा चाटल्याचा आवाज येत होता.

"झालं. आता तो दे."

इन्शिराहनं डावा हात पोटाशी घेतला आणि मूठ आवळली.

सासूनं मनगट धरून तो ओढून घेतला. आधी नुसतं थोपटलं. मग एकेक बोट उचकटायला लागली. मग नेलकटर खाली टाकून दोन्ही हातांनी, गुडघा लावून जोर करायला लागली. तिला धाप लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"उघड गं, पोरी. मारून टाकेल तो तुला. उघड ना."

मुठीच्या फटींतून रक्त यायला लागलं. इन्शिराहची नखं तिच्याच तळव्यात रुतली होती. म्हातारी ओढत राहिली. मूठ उघडली नाही.