बिब्ब्याची खूण

"नाही मैत्री, हेही नाही."

पुण्याहून प्रकाशक शीतल मॅडमचा निरोप मैत्रीच्या मोबाइलवर उमटला. अकरावं चित्र होतं ते! कादंबरी एका अद्भुत राज्याची, हाकलून दिलेल्या राणीची. राणी परत येते तेव्हा तिच्या झेंड्यावर खूण असते: उभी रेघ, तिला दोन फाटे, पायाशी तीन ठिपके. लेखक एका ओळीत लिहून मोकळा झाला. मरायचं मैत्रीनं! मुखपृष्ठाचं तिचं हे पहिलंच काम. संध्याकाळी सहापर्यंत जमलं नाही तर दुसऱ्या कोणाला देऊ, असं मॅडमनी सकाळीच बजावलं होतं.

"नक्षी नको," मॅडमनी पुढं लिहिलं होतं. "कोणीतरी खरोखर वापरलेली खूण वाटली पाहिजे. कुठून घेतली तेही फोटोसकट कळव."

आता असली खूण तेलंगणातल्या या इंद्रवेल्लीत कुठं ठेवलीय? नेट पालथं घालून झालं. तिथं तलवारी, ड्रॅगन आणि कुठल्याशा सिमेंटचा छाप. बाजारात जाऊन बैलांच्या पाठीवरचे डाग पाहिले, तेही नाही. चार वाजले. काम हातचं जाणार, ही भीती काही डोक्यातून हलेना.

झेंड्याचं कापड तरी जुनं दिसावं म्हणून तिनं लोखंडी पेटी उपसली. तळाशी बाबांचा पांढरा सदरा निघाला. मास्तरकीच्या पहिल्या दिवशी घातलेला, आईनं जपून ठेवलेला. कॉलरच्या आत काळी खूण होती. कपडे ओळखू यावेत म्हणून धोबी पूर्वी बिब्ब्याच्या रसानं काढत ती. कितीही धुवा, जात नाही. उभी रेघ. दोन फाटे. ठिपका मात्र एकच. असू दे, दोन आपण टाकू!

तिनं फोटो काढला, झेंडा रंगवला, खाली लिहिलं, "आमच्या घराची धोब्याकडची खूण," आणि पाठवून दिलं. मग नुसती मोबाइलकडं बघत बसली. पाच मिनिटं. दहा. पंधरा.

"हेच! हेच हवं होतं. आता छापायला देते."

मैत्री धावतच अंगणात गेली. तिचे बाबा नागोराव तुरी पाखडत बसले होते.

"बाबा, आपल्या घराची खूण पुस्तकावर येऊन राह्यली!"

त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिला.

"आपल्या घराची नोहे ही," ते म्हणाले. "गावात घराघराची येगळी खूण राहे. आपल्या बौद्ध मोहल्ल्याची मात्र सारी मिळून एकच. धोबी आपले कपडे गावाले न सांगता, लपून धुवायले घ्यायचा. ते गावच्या कपड्यात मिसळू नयेत, म्हणून हे चिन्ह. धुवायचाही येगळ्या डबक्यात."

मैत्रीचे कान तापले. आणि आपण ती मिरवत पाठवली! लाज वाटली, मग रागानं रडू आलं. काम गेलं तर गेलं.

"मी आत्ताच परत मागवते," ती म्हणाली. तिनं मॅडमचा नंबर काढला.

"थांब माय. कुठं लावली म्हणतं ही?"

"झेंड्यावर."

"कोणाच्या?"

"राणीच्या. तिला हाकललेलं असते. मग ती आपलं राज्य परत घेते."

नागोरावांनी पुन्हा एकदा चित्र पाहिलं आणि मोबाइल तिच्या हातात ठेवला.

"मंग इतकी लहान काऊन काढली? मोठी काढ."